खोली, रविवार आणि मंडळ : गिरणगावातील सुखाची घडण

माणसाचे सुख तो ज्या नगरात राहतो त्या नगरावर अवलंबून असते की त्याच्या स्वतःच्या मनोवृत्तीवर, या प्रश्नाला मराठी परंपरेने दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. संतवाङ्मयाने सुखाचे ठिकाण मनात मानले, आणि समर्थ रामदासांनी तर मनालाच उद्देशून 205 श्लोकांची स्वतंत्र रचना केली. दुष्काळ, सावकारी कर्ज आणि वाटण्या होत होत अपुरी पडलेली जमीन यांमुळे ज्यांना घर सोडावे लागले, त्यांनी मात्र सुखाची वाट शहराच्या दिशेने पाहिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही वाट प्रामुख्याने मुंबईला जाऊन मिळाली. या दोन्ही उत्तरांची जितकी दीर्घ आणि कठोर परीक्षा मुंबईच्या गिरणगावात झाली, तितकी महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच झाली असेल. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, प्रभादेवी, वरळी आणि दादर या भागांत कापडगिरण्यांभोवती जी कामगारवस्ती वाढली, तिला लोकांनी दिलेले हे नाव आहे. शहराने या वस्तीला सुखाची साधने फार थोडी दिली, आणि केवळ मनाचे समाधान तिला पुरणारे नव्हते. तरीही तेथे जे सुख निर्माण झाले, ते कसे घडले, कोणाच्या वाट्याला आले आणि पुढे कशामुळे उणावले, याचा इतिहास हेच त्या जुन्या प्रश्नाचे सर्वांत विश्वसनीय उत्तर आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्याआधी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली होती, त्यामुळे कच्चा कापूस आणि माणसे या दोहोंची वाहतूक सुलभ होण्याचा मार्ग मोकळा झाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, इंग्लंडला होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला, मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला आणि युद्ध संपताच सट्ट्याचा डोलारा कोसळला. त्याच सुमारास, 1863 मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका शहराचे समग्र वर्णन करणारे मराठीतील ते पहिले महत्त्वाचे पुस्तक असून, भरभराटीला आलेल्या नगरीविषयीचे मराठी माणसाचे कुतूहल त्यात नोंदले गेले आहे. पुढील चार दशकांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतून येणाऱ्या मनुष्यबळावर त्या चालू लागल्या.

ही माणसे शहराच्या ओढीने आली होती काय, हा प्रश्न पुढे सरकारी पातळीवरही तपासला गेला. 1929 मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील कामगारांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक शाही आयोग नेमण्यात आला. 1931 च्या अहवालात या आयोगाने असा निष्कर्ष काढला की, औद्योगिक कामगाराला शहर स्वतःकडे खेचत नाही, गावातील दैन्य त्याला शहराकडे ढकलते, आणि गावात पोटापुरते अन्नवस्त्र मिळाले असते तर फार थोडे लोक गिरणीत टिकून राहिले असते. कोकणात अशा माणसाला ‘चाकरमानी’ म्हणतात. जो चाकरीच्या, म्हणजे नोकरीच्या, वेतनावर जगतो तो चाकरमानी, आणि या शब्दात त्याचे घर गावातच आहे, शहरात आहे ती फक्त चाकरी, ही समजूत गृहीत आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा लोक मोठ्या संख्येने गावाकडे परतले. 1891 च्या जनगणनेत 8,21,764 असलेली शहराची लोकसंख्या 1901 मध्ये 7,76,006 इतकी खाली आली. संकट येताच ज्या ठिकाणाहून माणूस आपल्या माणसांकडे धाव घेतो, ते ठिकाण त्याने अजून घर मानलेले नसते, हे या आकड्यांवरून दिसते.

राहण्याची जागा पाहिली तर शहराला घर न मानण्याचे कारण सहज कळते. चाळ म्हणजे एका रांगेत एकेक खोलीची बिऱ्हाडे असलेली दोन, तीन किंवा चार मजली इमारत. तिच्या खोल्यांसमोरून लांबलचक सज्जा जातो, त्याला बोलीत ‘गॅलरी’ म्हणतात, आणि नळ व शौचकूप मजल्यावरील सर्वांसाठी सामाईक असतात. 1921 च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे दोन तृतीयांश लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि 1920 नंतर सरकारच्या विकास खात्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या, ‘बीडीडी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या 207 चाळींतील खोली अवघी 160 चौरस फुटांची होती. या इमारतींची योजना मनुष्यबळ साठवण्याची होती, आणि सुखाचा विचार त्या योजनेत नव्हता.

तरीही या खोलीचा वापर कसा करायचा हे राहणाऱ्यांनी ठरवले, आणि गिरणगावातील सुखाचा इतिहास येथून सुरू होतो. एकट्याने आलेले पुरुष आपल्याच गावच्या किंवा भावकीच्या माणसांबरोबर एका खोलीत राहत. खोलीचे भाडे सर्वांत वाटले जाई आणि गिरणी पाळ्यांमध्ये चालत असल्याने एकाचे अंथरूण मोकळे होताच दुसरा त्यावर झोपे. यातूनच ‘गावकीची खोली’ ही संस्था आकाराला आली. गावकी म्हणजे गावाचे सामाईक व्यवहार पाहणारी मंडळी, आणि तिची मुंबईतील खोली ही गावातून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची हक्काची जागा असे. तेथे त्याला पथारीपुरती जागा, गिरणीतील मुकादमाची ओळख आणि आजारपणात पाहणारे माणूस मिळे. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती दर्यावर्दींनी, आचाऱ्यांनी आणि वादकांनी धोबीतलाव व माझगाव परिसरात ‘कूड’ नावाच्या खोल्या याच तत्त्वावर उभारल्या होत्या. तेथेही प्रत्येक गावाची कूड वेगळी असे, प्रत्येकाची पेटी भिंतीशी ठेवलेली असे, सायंकाळी वेदीपुढे सामुदायिक प्रार्थना होई आणि गावच्या संताचा सण मुंबईतही पाळला जाई. धर्म, भाषा आणि व्यवसाय वेगळे असूनही दोन्ही समाजांना शहरात राहण्याचा हाच मार्ग सापडला, ही लक्षणीय गोष्ट आहे.

जेवणाची व्यवस्थाही अशीच लोकांमधून उभी राहिली. खाणावळ म्हणजे महिन्याच्या ठरावीक रकमेत दोन वेळचे जेवण देणारे घर. गिरणगावात ही घरे बहुधा कामगारांच्या पत्नी, विधवा किंवा गिरणीचे काम सुटलेल्या स्त्रिया चालवीत. पगारानंतर हिशेब चुकता करण्याची रीत असल्यामुळे खाणावळवाली ही महिनाभराची उधारी सोसणारी होती, आणि संपाच्या काळात ही उधारी महिनोन्‌महिने वाढत जाई. 1928 चा संप सुमारे सहा महिने चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन ही लाल बावट्याची बलाढ्य संघटना पुढे आली. अशा लढ्यांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे नोंदली गेली, पण ज्या चुलींनी हे संप तगवले त्यांची नोंद फारच उशिरा झाली. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या श्रमाला व्यवसाय म्हणून प्रथमच मान्यता मिळाली.

जागा आणि अन्न यांनंतर सुखाची तिसरी अट म्हणजे वेळ, आणि ती मिळवण्यासाठी सर्वांत आधी लढावे लागले. प्रारंभीच्या काळात गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, आणि आठवड्याची निश्चित सुट्टी नसे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक अर्ज सादर केला. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, ठरल्या मुदतीत पगार आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, या त्यातील मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 रोजी भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. त्यानंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे अधिष्ठान दिले. मराठी लोकजीवनात रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे ही सुट्टी लोकांच्या श्रद्धाविश्वात सहज सामावली. जी गोष्ट आज निसर्गक्रमासारखी वाटते, तिच्यासाठी माणसांना सहा वर्षे अर्ज, सभा आणि वाटाघाटी कराव्या लागल्या.

या मिळवलेल्या वेळेतून गिरणगावाची संस्कृती जन्मली. कोकणातून आलेल्यांनी नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचे सामने आणि दशावतार आणले, घाटावरच्यांनी, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील प्रदेशातून आलेल्यांनी, तमाशा, पोवाडा आणि कुस्तीची तालीम आणली. समाजसेवक ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळमध्ये 1922 साली उभ्या राहिलेल्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमी बहरली. या रंगभूमीवरील नट दिवसा साच्यावर, म्हणजे कापड विणण्याच्या यंत्रावर, उभे राहत, रात्री तालमी करीत, आणि स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच वठवीत. सार्वजनिक गणेशोत्सव चिंचपोकळीत 1920 मध्ये, लालबागच्या गणेशगल्लीत 1928 मध्ये आणि लालबागच्या बाजारात 1934 मध्ये सुरू झाला. या सर्वांचा पाया ‘मंडळ’ हा होता. वर्गणी गोळा करणारे, हिशेब ठेवणारे, पदाधिकारी निवडणारे आणि वेळ पडल्यास भांडून पुन्हा एकत्र येणारे मंडळ हे सामान्य कामगाराच्या नागरिकत्वाचे पहिले शिक्षण होते.

या मंडळांपैकी भजनी मंडळाचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण सुख मनोवृत्तीवर अवलंबून असते या उत्तराची कसोटी तेथेच लागते. संतांनी सांगितलेले अंतरीचे समाधान गिरणी कामगाराने खरोखर अनुभवले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ते त्याने एकट्याने डोळे मिटून मिळवले नाही. त्यासाठी चाळीतील एक खोली ठरावीक रात्री मोकळी करावी लागे, टाळ, पखवाज आणि पेटी वर्गणीतून घ्यावी लागे, गळा तयार असलेला बुवा लागे, शेजाऱ्यांची संमती लागे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भोंग्याला न उठण्याची मुभा लागे, जी रविवारच्या सुट्टीने दिली. वारकरी परंपरेनेही नामस्मरणाला कीर्तन, दिंडी आणि वारी यांच्या रूपाने सामुदायिक देह दिला होता, आणि गिरणगावाने ती रीत यंत्रयुगात जपली. मनोवृत्ती हीदेखील जोपासावी लागणारी गोष्ट आहे आणि तिच्या जोपासनेला जागा, वेळ आणि सोबत लागते, हा गिरणगावाच्या इतिहासाने दिलेला महत्त्वाचा धडा आहे.

या सुखाची वाटणी मात्र समान नव्हती. विणकामाच्या खात्यात, ज्याला साचेखाते म्हणत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या स्पर्शाने विटाळ होतो असे सवर्ण कामगार मानीत. साचेखात्यातील वेतन अधिक असल्यामुळे ही बंदी पोटावरही येत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार संघटनांपुढे मांडला. त्यांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्ये होते, आणि दादरला ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत ते स्वतः परळमधील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत असत. गावातील महारवाड्याच्या तुलनेत शहराने दलित कामगाराला वेतन, शाळा आणि सभेचा अधिकार दिला, म्हणून त्याच्या दृष्टीने शहर ही मुक्तीची वाट होती. त्याच शहरात गिरणीचा पाण्याचा माठ वेगळा असणे हा रोजचा अपमानही त्याच्या वाट्याला येत होता. अशा माणसाला मनोवृत्ती बदलण्याचा उपदेश करणे अन्यायाचे झाले असते. त्याने माठाचीच व्यवस्था बदलण्याची मागणी केली, आणि त्या मागणीतून लाभलेला स्वाभिमान हे त्याच्या सुखाचे पहिले रूप होते.

स्त्रियांची स्थितीही अशीच दुहेरी होती. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत आणि त्यांच्यावरील स्त्री-मुकादमाला ‘नायकीण’ म्हणत. 1929 च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने त्यांना प्रसूतीच्या काळातील भत्ता मिळाला, पण पुढील दशकांत त्यांचे गिरणीतील प्रमाण घटत गेले. खोलीतील गर्दी, सामाईक नळावरील रांग आणि घरकामाचा भार यांमुळे रविवार हा त्यांच्यासाठी विश्रांतीचा दिवस क्वचितच ठरला. गावी राहिलेल्या स्त्रीचे दुःख वेगळे होते. शेत, सासूसासरे आणि मुले सांभाळत ती मनीऑर्डरची आणि शिमग्या-गणपतीला येणाऱ्या बोटीची वाट पाहत असे. वाटेगावहून मुंबईत आलेले आणि कामगारवस्तीतच वाढलेले शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत हा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी जोडला. छक्कड हा लावणीच्या जवळचा रचनाप्रकार आहे. खासगी दुःख आणि सार्वजनिक लढा एकाच गाण्यात मावतात, हे गिरणगावाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या नाहीत आणि हजारो कामगार कायमचे बेकार झाले. त्यानंतर प्रश्न उरला तो गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचा एक भाग सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक भाग सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक भाग मालकासाठी, अशी साधारण तीन वाट्यांची तरतूद होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती मर्यादित केली, त्यामुळे सार्वजनिक वाटा अतिशय आक्रसला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. धुराड्यांच्या जागी व्यापारी संकुले आणि उंच निवासी मनोरे उभे राहिले. कामगारांची अनेक कुटुंबे कल्याण, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा आणि विरार येथे पांगली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने अशाच एका कुटुंबाची ससेहोलपट मराठी रंगभूमीवर आणली.

या स्थित्यंतराचा अर्थ केवळ रोजगाराच्या भाषेत लावला तर तो अपुरा राहतो. पांगलेल्या माणसांची मनोवृत्ती काही एका रात्रीत बदलली नव्हती. भजनाची आवड, नाटकाचे वेड आणि शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाण्याची सवय त्यांच्याजवळ शिल्लक होती. पण दररोजचे तीन-चार तास लोकलच्या प्रवासात गेले, मंडळातील सवंगडी चार दिशांना गेले, आणि जेथे दार उघडे ठेवून बसता येत होते ती गॅलरी राहिली नाही. मन तेच राहूनही त्याला आधार देणारी जागा, वेळ आणि सोबत हरपली तर सुख उणावते, हे येथे स्पष्ट झाले. याच्या उलट, 160 चौरस फुटांच्या खोलीतही ही तिन्ही साधने माणसांनी स्वतः उभारली होती तेव्हा सुख नांदले होते. म्हणून जुन्या चाळीतील हालअपेष्टांचे गोडवे गाणे जितके चूक, तितकेच त्या सुखाला केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणेही चूक आहे.

शहर आणि मन यांच्यामध्ये माणसांनी उभारलेल्या संस्थांचा एक मोठा प्रदेश असतो, आणि सुख त्या प्रदेशात पिकते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे. शहर रोजगार देते, मन धीर देते, परंतु गावकीची खोली, खाणावळ, मंडळ, युनियन आणि वाचनालय यांवाचून रोजगाराचे जीवन होत नाही आणि धीराचे समाधान होत नाही. आज बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींत जुन्या भाडेकरूंना 500 चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि शतकभर दाटीवाटीने राहिलेल्या कुटुंबांना मिळालेली ही जागा त्यांचा न्याय्य हक्क आहे. त्या घरांना वाचनालयाची खोली, भजनाची जागा, मुलांचे मैदान आणि वृद्धांचा कट्टा यांची जोड मिळावी, असा आग्रह रहिवाशांनी, नगररचनाकारांनी आणि शासनाने धरला पाहिजे. शहराने आपण होऊन ही साधने गिरणगावाला पूर्वीही दिली नव्हती. 1884 मध्ये मागितलेला रविवार 1890 मध्ये मिळाला, आणि तो मिळाला कारण दहा हजार माणसे एका मैदानावर एकत्र आली होती.